मुलाच्या ताब्याचे वाद मध्यस्थाकडे कसे आले? : पार्श्वभूमी

मुलाच्या ताब्याचा अर्ज आजही बहुतेक वेळा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली होतो. पालक नेमताना अल्पवयीनाचे हित पाहावे, असे हा कायदा सांगतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने हे हित सर्वोपरी ठरवले आणि पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावे असे म्हटले. हित ओळखायचे कसे, हे मात्र कोर्टावरच सोडले. कोर्टापुढे काय येई? आईवडिलांनी एकमेकांवर केलेले आरोप, उलटतपासणी आणि तारखा.

अशा वादांसाठी वेगळे न्यायालय हवे, हा विचार समाजसेविका दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर मांडला. मुंबई उच्च न्यायालयातले न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी त्या बोलल्या, पंतप्रधान नेहरूंपर्यंत गेल्या. कौटुंबिक न्यायालय कायदा व्हायला मात्र १९८४ उजाडले. त्याच्या कलम ९ ने आधी समेटाचा प्रयत्न करणे न्यायाधीशांचे कर्तव्य ठरवले. कलम १३ ने वकील देणे हा पक्षकाराचा हक्क ठेवला नाही. पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. ‘आधी समुपदेशकांना भेटून या’ हे तिथले नेहमीचे वाक्य.

मात्र त्या काळी समेट म्हटला की डोळ्यांपुढे मोडता संसार सावरणे येई. बाईवर नांदायला जाण्याचा दबाव येतो, ही स्त्री संघटनांची तक्रार अनाठायी नव्हती. मध्यस्थी म्हणजे निकाल न देता दोघांना तोडग्यापर्यंत नेणाऱ्या तटस्थ व्यक्तीपुढची बोलणी. ताब्याच्या मध्यस्थीत गृहीत धरावे लागते ते नेमके उलटे: नवरा-बायकोचे नाते संपले तरी आई-बाप म्हणून दोघांना वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलावे लागणार. शाळेची फी, दिवाळीची सुट्टी, आजारपण, आजी-आजोबांची भेट अशा बारीक गोष्टी निकालपत्रात मावत नाहीत. त्या समोरासमोर बसूनच ठरतात.

त्याला चौकट मिळाली ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, वाद कोर्टाबाहेर मध्यस्थीसारख्या मार्गाने मिटवायला पाठवू देणाऱ्या कलम ८९ मुळे. ते २००२ मध्ये अमलात आले. २००५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात मध्यस्थी केंद्र उघडले. २०१० च्या अॅफकॉन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या ताब्याचे वाद मध्यस्थीला योग्य असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालाने संयुक्त ताब्यासोबत (म्हणजे आई-वडील दोघांकडे मिळून ताबा) मध्यस्थीचीही शिफारस केली.

खरा पेच गोपनीयतेचा. मध्यस्थापुढे बोललेले बाहेर जाऊ नये, हा या पद्धतीचा कणा. तो नसेल तर कोणी मोकळे बोलणारच नाही. पण बोलणी फिसकटली आणि दरम्यान मुलाने समुपदेशकाला काही सांगितले असेल, तर? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. दिल्ली उच्च न्यायालयाने समुपदेशकाचा अहवाल गोपनीय ठरवून बाजूला ठेवला होता. ताब्याच्या वादात न्यायालय स्वतःच मुलाचे पालक असते, म्हणून असा अहवाल पाहता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. मला हा निकाल पटतो. मात्र आपले बोलणे कुठवर जाईल, हे मुलाला आधी समजेल अशा शब्दांत सांगायला हवे.

२०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. पण ताब्याचा प्रश्न मुळात कायमचा मिटत नाही. असे आदेश अंतिम नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच म्हटले होते. मुलाच्या चौथ्या वर्षी ठरलेले भेटीचे वेळापत्रक दहावीच्या वर्षी चालत नाही, आणि तेच आई-बाप पुन्हा मध्यस्थापुढे येतात.