ऑक्सिजन सेन्सरचे निदान : इंदूर परिसरातील गाड्यांच्या संदर्भात

मोटारगाडीच्या एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर खरोखर निकामी झाला आहे, की तो दुसऱ्याच एखाद्या बिघाडाची खरी बातमी देतो आहे, हे नवा सेन्सर विकत घेण्याआधी ठरवण्याची तपासणी. पारिभाषिक मराठीत याला ऑक्सिजन संवेदक म्हणता येईल. वर्कशॉपमध्ये ‘ओटू सेन्सर’ किंवा ‘लॅम्बडा’ हेच शब्द चालतात. इंदूरमधल्या मराठी घरात गाडीची दुरुस्ती हिंदीत होते आणि तिची चर्चा मराठीत, पण वाक्य दोन्हीकडे एकच असते : ‘स्कॅनर लावला, सेन्सर गेला असं निघालं.’ स्कॅनर मात्र सेन्सर गेल्याचे कधीच सांगत नाही. सेन्सरच्या तारेवर अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले, एवढेच तो सांगतो. मधली तपासणी गाळली की चोर सोडून संन्याशाला फाशी होते : महागाचा भाग बदलला जातो आणि पंधरवड्यात इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागतो.

सेन्सर काय मोजतो

झिर्कोनियम डायऑक्साइडची, अंगुस्तानाच्या आकाराची सिरॅमिक टोपी हा नेहमीच्या सेन्सरचा गाभा. टोपीच्या बाहेरून इंजिनाचा धूर वाहतो, आत मोकळी हवा असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की ही टोपी ऑक्सिजनचे आयन वाहू देते आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीप्रमाणे व्होल्टेज तयार होते. यामागचे समीकरण वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडले. बॉश कंपनीने बनवलेला सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम बसला. धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरला नसेल, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण ‘रिच’ (पेट्रोल जास्त) असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे मिश्रण ‘लीन’ (पेट्रोल कमी) असेल, तर ०.१ च्या आसपास. सीमा ०.४५ वर. ‘लीन’ दिसले की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोल वाढवतो, ‘रिच’ दिसले की कमी करतो, आणि त्यामुळे व्होल्टेज सतत खालीवर झोके घेते. हे झोके म्हणजे सेन्सरची नाडी.

तो ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. सगळे निदान या एका गोष्टीवर उभे आहे. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब होऊन गाडी मिसिंग मारू लागली, तर त्या सिलिंडरचे न जळलेले पेट्रोल बाहेर पडते, पण त्याच्या वाटचा ऑक्सिजनही तसाच बाहेर पडतो. मागे उभ्या माणसाला पेट्रोलचा वास येतो आणि सेन्सर मात्र ‘लीन’ म्हणतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीला, बारीक तडा असेल किंवा पॅकिंग उडाले असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, पुन्हा ‘लीन’. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत जातो, एव्हरेज पडते. दोन्ही प्रसंगी सेन्सरने जे पाहिले तेच सांगितलेले असते.

बहुतेक आधुनिक पेट्रोल गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडचा, म्हणजे पुढचा, मिश्रण सांभाळतो; पलीकडचा, म्हणजे मागचा, कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पर्यंत देशभर बंद झाले. शिसे कन्व्हर्टरइतकेच सेन्सरलाही मारक असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या काही गाड्यांत पुढचा सेन्सर ‘वाइडबँड’ असतो. त्याला बहुधा पाच-सहा तारा असतात, आणि या लेखातले ०.१ ते ०.९ व्होल्टचे निकष त्याला लावू नयेत. त्याचे आकडे स्कॅनरवर लॅम्बडाच्या, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या, रूपातच वाचावेत. मल्टीमीटरने त्याचा निवाडा करायला जाणे म्हणजे चांगला सेन्सर फेकून देण्याची तयारी.

कोड, आणि त्यानंतरचा अर्धा तास

स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड आधी लिहून घ्यावा. लगेच पुसू नये. त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते : दिवा लागला तेव्हाचा आरपीएम, इंजिनाचे तापमान, भार. बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याची सवय सर्रास आहे. त्याने हा पुरावा जातो आणि ईसीयूने शिकलेले पेट्रोलचे हिशेबही पुसले जातात.

पी०१३५ हा कोड पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा. यात आधी फ्यूज पाहावा, मग कपलर (तारा जोडणारा प्लग) उघडून, सेन्सर लवकर तापवणाऱ्या हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. चार तारांच्या पुष्कळ सेन्सरांत हीटरच्या दोन तारा पांढऱ्या, सिग्नलची काळी आणि त्याच्या अर्थिंगची राखाडी असते, तरी गाडीचा वायरिंग नकाशा पाहिलेला बरा. थंड हीटरचा रोध साधारण एक आकडी किंवा दहा-पंधरा ओहमपर्यंत येतो. मीटरने अनंत दाखवले तर हीटर तुटला आहे आणि सेन्सर बदलणे रास्त. रोध ठीक असून कपलरवर बॅटरीचे व्होल्टेजच येत नसेल, तर दोष तारेत किंवा फ्यूजमध्ये. पावसाळ्यात कपलरमध्ये शिरलेले पाणी आणि बंद गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही या कोडची अगदी रोजची कारणे आहेत.

पी०१३४ म्हणजे सिग्नलमध्ये हालचाल नाही. इथे आकडा नीट पाहावा. अनेक ईसीयू सिग्नलच्या तारेवर स्वतःचे ०.४५ च्या आसपासचे व्होल्टेज ठेवतात. काटा तिथेच खिळून राहिला असेल, तर सेन्सर थंड आहे, तार तुटली आहे किंवा कपलर सुटला आहे, असे आधी समजावे. पी०१७१ (मिश्रण लीन) आणि पी०१७२ (मिश्रण रिच) या कोडांमध्ये सेन्सरवर आरोपच नाही. तिथे तो फक्त साक्षीदार आहे. पी०४२० कन्व्हर्टरबद्दल बोलतो : मागचा सेन्सर स्थिर राहण्याऐवजी पुढच्यासारखेच झोके घेऊ लागला, तर कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण्याची ताकद संपत आली आहे. मागचा सेन्सर बदलून हा कोड क्वचितच जातो.

मग डोळे आणि कान. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर मॅनिफोल्डजवळ ‘फट् फट्’ ऐकू येते का, जोडावर काजळीचा काळा ओघळ आहे का, हवेच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत का. माळव्यातले कडक उन्हाळे रबराला कडक करतात, आणि जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळीची भेग वळवून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पलासियाचा सिग्नल आणि मानपूरचा घाट

निदानाचा सर्वांत मोलाचा आकडा सेन्सरच्या व्होल्टेजचा नसून ‘फ्युएल ट्रिम’चा असतो. सेन्सरचे ऐकून ईसीयूने नेमून दिलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ किंवा घट केली, हे तो सांगतो. ‘शॉर्ट टर्म’ क्षणाक्षणाचा, ‘लाँग टर्म’ शिकलेला. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे दहा टक्क्यांत असली तर काळजीचे कारण नाही. गाडीच्या ओबीडी, म्हणजे निदानाच्या, सॉकेटात लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल यांवर हे वाचता येते. मात्र वाचणारा शेजारच्या सीटवर हवा, चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये.

पलासिया चौकात सिग्नलला उभे असताना बेरीज अधिक १८ आहे आणि बायपासवर एका वेगात जाताना ती ३-४ वर उतरते, असे दिसले तर कुठेतरी इंजिन चोरून हवा ओढते आहे. आयडलिंगला इंजिन घेतेच थोडी हवा, त्यामुळे भेगेतून शिरलेली हवा मोठी ठरते. वेगात तीच हवा नगण्य होते. उलट चित्र घाटात दिसते. इंदूर पठारावर आहे आणि नर्मदा खाली, म्हणून महेश्वरला जाताना मानपूरचा घाट उतरावा लागतो आणि खरी परीक्षा परतीच्या चढावर होते. आयडलिंगला ठीक असलेला ट्रिम या चढावर वाढत गेला, तर पेट्रोल पुरे पडत नाही : पंप थकलेला, फिल्टर तुंबलेला किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला. ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटही हेच काम करतो. पाय पूर्ण दाबून मात्र तपासू नये. त्या वेळी पुष्कळ गाड्यांचा ईसीयू सेन्सरकडे पाहणे सोडून देतो.

वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून एक गोंधळ वाढला आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग (वजनाने) लागतात, ई-१० ला (दहा टक्के इथेनॉल) सुमारे १४.१, ई-२० ला (वीस टक्के) साडेतेरा. म्हणजे ई-१० साठी बेतलेल्या गाडीत ट्रिम चारेक टक्क्यांनी वर सरकणे हा इंधनाचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

सेन्सरला प्रश्न विचारणे

वरचे सगळे झाल्यावरही संशय उरला, तर सेन्सरलाच सरळ तपासावे. इंजिन पूर्ण गरम करून २,००० ते २,५०० आरपीएमवर धरावे. निरोगी सेन्सर दहा सेकंदांत अनेकदा ०.४५ ची सीमा ओलांडतो. नंतर मिश्रण मुद्दाम बिघडवावे. एक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढली की आकडा खाली कोसळला पाहिजे. एकदम रेस दिली की ०.८ च्या वर उडाला पाहिजे. दोन्हीकडे तो ताबडतोब गेला, तर सेन्सर शाबूत आहे. दोष इतरत्र शोधावा. हळूहळू सरपटत गेला, किंवा एका बाजूला जाईचना, तर तो खरोखर थकला आहे. यात एक फसगत जपावी : स्वस्त डोंगल सेकंदाला एक-दोनच नोंदी देतात आणि चपळ सेन्सरही त्यांवर सुस्त दिसतो. पी०१३३ म्हणजे संथ प्रतिसादाच्या कोडचा निर्णय अशा डोंगलवर सोडू नये. मल्टीमीटर वापरला तर तो दहा मेगाओहम रोधाचा डिजिटल असावा.

पीयूसी केंद्रातील यंत्र दुसरे मत देते, आणि ते गाडीच्या सेन्सरवर अवलंबून नसते. बीएस-४ व पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. सेन्सर सतत ‘लीन’ सांगतो आहे आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड मात्र खूप जास्त येतो आहे, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे; बहुधा सेन्सर किंवा त्याच्या अलीकडची गळती.

सीएनजी लावलेल्या गाड्या

इंदूरमध्ये सीएनजी गाड्या भरपूर आहेत आणि देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासूनही सीएनजी बनतो. गॅस विहिरीतला असो वा कचऱ्याचा, तो मुख्यतः मिथेन. त्याला वजनाने सुमारे १७ पट हवा लागते, आणि सेन्सरला त्याने फरक पडत नाही, कारण तो उरलेला ऑक्सिजनच पाहतो. फरक पडतो बाहेरून बसवलेल्या किटने. किटची वायरिंग गाडीच्या मूळ तारांना जोडताना काही वेळा सेन्सरच्या सिग्नलची तारही कापून पीळ दिलेली असते, आणि तो पीळ दोन पावसाळ्यांनी गंजतो. गॅसवर मिश्रण नीट ट्यून केलेले नसले तर पेट्रोलचा शिकलेला ट्रिमही बिघडतो. म्हणून अशा गाडीत दोन्ही इंधनांवर ट्रिम वेगवेगळे नोंदवावेत. पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवरच बिघडलेले दिसले, तर सेन्सरला हात लावण्याचे कारण नाही. रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर आणि ट्यूनिंग पाहावे.

खराब झालेला सेन्सर

काढलेल्या सेन्सरचे टोक कारण सांगते. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दीर्घकाळ रिच. तेलकट करडा थर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा, काचेसारखा थर म्हणजे सिलिकॉन, बहुधा हेड कव्हरचे पॅकिंग बसवताना वापरलेल्या चुकीच्या सीलंटचा किंवा इंजिनात शिरलेल्या कूलंटचा. हे कारण दुरुस्त न करता बसवलेला नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो, म्हणून जुना सेन्सर मागून घ्यावा आणि स्वतः पाहावा.

बसवताना बहुतेक ठिकाणी २२ मिलिमीटरचा पाना, शक्यतो तारेसाठी फट असलेली गोटी, लागते. जुना सेन्सर इंजिन कोमट असताना सुटतो. पूर्ण थंडपणी अडलेल्या आट्या तुटतात. जाम न होण्याचे ग्रीस फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नाही. तारा जोडताना सोल्डर करू नये आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये : कित्येक सेन्सरांत तुलनेसाठी लागणारी मोकळी हवा तारांच्या आतूनच टोपीपर्यंत जाते, आणि ती वाट बुजली की नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून चुकीचे आकडे देतो. कोड पुसल्यावर थंड इंजिनापासून सुरू करून शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी, आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सर व हीटर या दोन्ही चाचण्या ‘पूर्ण’ दिसेपर्यंत काम संपले असे धरू नये.