गंजत नाही, पण झिजतं

पावसाळ्याआधी आमच्या दादरच्या इमारतीच्या गच्चीवर टाकीचे गंजलेले बोल्ट काढून स्टेनलेसचे बसवत होतो. समुद्र जवळ, वारा खारा. साधं लोखंड टिकत नाही. एक नट निम्म्या आट्यांवर आला आणि पकडला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी प्लंबरने करवतीने कापला. आतले आटे एकमेकांत रुतून फाटले होते. गंजाचा मात्र ठिपकाही नव्हता.

याला गॉलिंग म्हणतात. स्टेनलेसला गंजापासून वाचवतं ते क्रोमियम. ३०४ या प्रतीत ते सुमारे १८ टक्के असतं. हवा लागली की त्याचं जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच तयार होतं. ओरखडा उठला तरी ते भरून येतं. पण दाबाखाली आटे घासले की कवच खरवडलं जातं, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि चिकटतो. त्यात हा धातू मऊ; व्हिकर्स मापावर कडकपणा २०० च्या आसपास.

साधं पोलाद कडक करायला ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर तापवून त्यात नायट्रोजन मुरवतात. स्टेनलेसला तेवढं तापवलं तर नायट्रोजन क्रोमियमलाच धरून बसतो, कवचाला क्रोमियम पुरत नाही आणि स्टेनलेस चक्क गंजू लागतं! मुंबईच्या हवेत हा सौदा परवडणारा नाही.

१९८० च्या दशकात यावर निघालेली तोड मला फार सुंदर वाटते. तापमान ४५० अंशांच्या खाली ठेवायचं, बस. तेवढ्या उष्णतेत नायट्रोजनचा छोटा अणू आत सरकतो, क्रोमियमचा मोठा अणू मात्र जागचा हलत नाही. दोघांची गाठच पडत नाही म्हणा ना. नायट्रोजन धातूच्या अणूंच्या जाळीतल्या फटींत दाटीने बसतो, जाळी ताणली जाते आणि कडकपणा हजाराच्या वर जातो. क्रोमियम शाबूत, कवचही शाबूत.

पण तेच कवच सुरुवातीला नायट्रोजनलाही अडवतं. म्हणून निर्वात भट्टीत नायट्रोजन आणि हायड्रोजन सोडून काहीशे व्होल्ट वीज देतात. जांभळट प्रकाशात आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, मारा कवच खरवडून वाट करून देतो. मग तासन् तास थांबायचं. मिळणारा थर १०-२० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. मऊ भातावर ठेवलेला पापडच तो. जोराचा ठोका बसला तर तडकेल. पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्ह अशा सतत घासणाऱ्या भागांना मात्र तो फार उपयोगी.

गच्चीवरच्या बोल्टला एवढा खर्च नको. दुसरा नट आम्ही आट्यांना ग्रीस लावून, हाताने सावकाश फिरवत बसवला.