जपानी घर आणि ‘एकही खिळा नाही’

‘जपानमधली लाकडी घरं एकही खिळा न वापरता बांधतात, म्हणून ती भूकंपात पडत नाहीत.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. खाचा पाडून लाकूड लाकडात बसवणारी तिथली सुतारकी अस्सल आहे, जुन्या देवळांत ती आजही दिसते.

पण १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक पडलेल्या घरांखाली सापडून. पडली ती मुख्यतः जुनी लाकडी घरं: वर जड कौलं, खाली भिंती कमी. आजची घरं टिकतात ती नियमांमुळे. जून १९८१ पासून भूकंपाचे निकष कडक झाले. २००० मध्ये सांधे धातूच्या पट्ट्यांनी जखडणं आणि भिंतींचा समतोल राखणंही आलं. टोकियोतल्या चिंचोळ्या प्लॉटवर हा समतोल राखणं अवघड, कारण गाडीसाठी तळमजल्याची एक बाजू अनेकदा उघडी ठेवतात.

पडताळायचंय? तिथल्या एखाद्या अर्धवट बांधलेल्या घराचा फोटो मोठा करून बघा. कोपऱ्यातल्या खांबाच्या तळाशी बोल्टने आवळलेली पट्टी, खांबांमध्ये तिरके टेकू आणि प्लायवूडवर ओळीने ठोकलेले खिळे दिसतील.