स्वीकृत प्रत म्हणजे प्रूफ नव्हे

लेखकांना मेल करताना ‘पेपरची अंतिम प्रत पाठवा’ असं लिहिणं मी कधीच सोडलं. संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधन पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात, पेपर चढवण्याचं माझं काम आहे, आणि या कामातला निम्मा घोळ ‘अंतिम’ या एका शब्दाने घातलेला आहे. अंतिम म्हटलं की कुणी जर्नलच्या संकेतस्थळावरून उतरवलेली पीडीएफ पाठवतं, कुणी छापण्याआधी तपासायला आलेलं प्रूफ पाठवतं, तर कुणी पहिल्यांदा सादर केलेली फाइल. प्रत्येकाच्या लेखी आपली प्रत अंतिमच असते. मला हवी असते स्वीकृत प्रत, आणि ती या तिन्हींपेक्षा वेगळी आहे.

प्रकाशित प्रत सगळ्यांना माहीत असते: जर्नलचं नाव, खंड, पानांचे आकडे, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), दोन रकान्यांची मांडणी. संदर्भ द्यायचा तो हिचाच. पेपर वर्गणीच्या जर्नलमध्ये आला असेल तर ही पीडीएफ आपण होऊन कुठेही चढवायची नाही. ‘सगळेच चढवतात’ हे कारण मी ऐकून घेत नाही. एल्सेव्हिअर या प्रकाशकाने २०१३ मध्ये अकॅडेमिया डॉट एज्यू या संशोधकांनी पेपर टाकायच्या संकेतस्थळावरचे पेपर काढायला लावले. २०१७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीसोबत रिसर्चगेट या तशाच संकेतस्थळावर दावा लावला. दोन्ही वेळी वाद होता तो प्रकाशित प्रतींचा. प्रीप्रिंटही सोपा आहे: समीक्षकांनी, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, पाहण्याआधीचा मसुदा.

खरी गफलत होते ती स्वीकृत प्रत आणि प्रूफ यांच्यात.

स्वीकृत प्रत म्हणजे समीक्षकांच्या शेऱ्यांनुसार सगळे बदल करून तुम्ही शेवटची पाठवलेली फाइल, जी वाचून संपादकांनी ‘स्वीकारला’ असं कळवलं ती. समीक्षकांच्या सूचनांमुळे जे बदललं ते सगळं तिच्यात आहे. नवा तक्ता, दुरुस्त केलेलं सांख्यिकी विश्लेषण, ‘मर्यादा’ म्हणून जोडलेला परिच्छेद, सगळं. प्रकाशकाने केलेलं मात्र तिच्यात काही नाही. भाषेचं संपादन नाही, मांडणी नाही, त्यांच्या चित्रकाराने पुन्हा काढलेली आकृती नाही, पानांचे आकडे नाहीत.

प्रूफ येतं ते यानंतर. फाइल प्रकाशकाकडे गेली, कॉपी एडिटरने वाक्यं नीट केली, संदर्भ जर्नलच्या पद्धतीने लावले, टाइपसेटिंग झालं आणि मग ‘४८ तासांत तपासून पाठवा’ अशा मेलसोबत पीडीएफ तुमच्याकडे आली. त्यात तुम्ही चुका शोधता, प्रश्नांना उत्तरं देता, एखादं आडनाव दुरुस्त करता. एवढं काम स्वतः केल्यावर ती फाइल आपली वाटणं साहजिक आहे. शिवाय जर्नलवर पेपर अजून दिसत नसतो, म्हणून ‘ही काही प्रकाशित प्रत नव्हे, म्हणजे स्वीकृतच’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. प्रूफ जन्मतं प्रकाशकाच्या टेबलावर. तुम्ही ते तपासता, तयार करत नाही. आवृत्त्यांना काय म्हणायचं यासाठी अमेरिकेतल्या नायसो या मानक संस्थेने २००८ मध्ये जी शिफारस काढली, तिच्यातही स्वीकृत हस्तलिखित आणि प्रूफ यांना वेगवेगळी नावं आहेत. ‘पोस्टप्रिंट’ हा शब्द मला म्हणूनच नको वाटतो. कुणी तो स्वीकृत प्रतीसाठी वापरतं, तर कुणाला ‘प्रिंटनंतरची’ म्हणजे छापील पीडीएफच वाटते.

दिसण्यावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. जर्नलने दिलेल्या लाटेक (मजकूर मांडण्याची संगणक प्रणाली) टेम्प्लेटमध्ये लिहिणाऱ्यांची स्वीकृत प्रत दोन रकान्यांची, नेटकी, हुबेहूब छापल्यासारखी दिसते, तरीही ती स्वीकृतच असते, कारण ती तुमच्या हातची आहे. उलट प्रूफवर आडवा वॉटरमार्क असतो, समासात प्रश्न असतात, ओळींना आकडे असतात. ते कच्चं दिसतं, पण घडवलेलं असतं प्रकाशकानेच. त्यामुळे विचारायचं एवढंच की पेपर स्वीकारल्यानंतर या फाइलला प्रकाशकाचा हात लागला का? लागला असेल तर ती स्वीकृत प्रत नाही. वाद तिथेच संपतो.

‘पण बदलले फक्त चार स्वल्पविराम,’ असं लेखक म्हणतात. असेल. बदल किती झाले यावर हा भेद ठरतच नाही. आणि प्रूफ वाचताना तुम्हाला स्वतःचीच खरी चूक सापडली, समजा एखाद्या समीकरणात उणे चिन्ह राहून गेलंय, तर? काही जण गुपचूप स्वीकृत फाइल उघडून ती दुरुस्त करतात. मला ते पटत नाही. स्वीकृत प्रत म्हणजे संपादकांनी ज्या मजकुराला होकार दिला तो मजकूर. फाइल तशीच ठेवा आणि पहिल्या पानावर टीप द्या: ‘समीकरण अमुकमध्ये चिन्हाची चूक आहे, प्रकाशित प्रत पाहावी.’ वाचणाऱ्याला नेमकं काय कुठे बदललं ते कळतं.

आता हक्कांकडे येते. इथे मी प्रत्येक नव्या लेखकाला थांबवून सांगते. ‘वर्डची फाइल माझी आहे, म्हणून ती मी कुठेही टाकीन’ हा समज खोटा आहे. कॉपीराइट फाइलवर नसतो, लेखनावर असतो. तुम्ही कॉपीराइट हस्तांतराच्या करारावर सही केली असेल, तर त्याच लेखनाची आधीची प्रतही त्या सहीच्या कक्षेत येऊ शकते. स्वीकृत प्रत तुम्ही ठेवू शकता, कारण बहुतेक प्रकाशक करारात किंवा धोरणात तेवढी मुभा परत देतात, आणि देताना कुठे, कधी आणि कोणत्या शब्दांसह ते ठरवतात. म्हणजे स्वीकृत आणि प्रूफ यांतला फरक मालकीचा नाही, परवानगीचा आहे. स्वीकृत प्रतीसाठी ती सहसा मिळते, प्रूफसाठी सहसा नाही.

अटी प्रकाशकागणिक बदलतात. आयईईई ही अभियंत्यांची संस्था स्वीकृत प्रत स्वतःच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवू देते, पण तिच्यावर त्यांची कॉपीराइटची ओळ लागते, आणि पेपर प्रकाशित झाल्यावर डीओआयही. स्प्रिंगरच्या वर्गणीच्या जर्नलांत रिपॉझिटरीतली प्रत उघडायला सहसा १२ महिने थांबावं लागतं. एल्सेव्हिअर स्वीकृत प्रतीवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा व्यापारी वापर आणि बदल दोन्हींना मनाई करणारा परवाना लावायला सांगतं. हे थांबायचे महिने बहुधा प्रकाशनाच्या तारखेपासून मोजायचे असतात. स्वीकृतीच्या तारखेपासून मोजले की प्रत लवकर उघडली जाते आणि मग नोटीस येते. जर्नलचं धोरण आधी शेर्पा रोमिओवर पाहता यायचं, आता जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडरवर पाहा. सहकाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

करारातल्या ‘कॉपीराइट लेखकाकडेच राहील’ या ओळीवर फार खुश होऊ नका. खाली ‘अनन्य परवाना’, म्हणजे फक्त प्रकाशकालाच वापराचा हक्क देणारा परवाना, असेल तर व्यवहारात बरेचसे हक्क गेलेलेच असतात. परवान्याचं कलम वाचा, पहिली ओळ नव्हे. पेपर सीसी बाय या, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली प्रकाशित झाला असेल तर वरची सगळी काळजी सोडा आणि प्रकाशित पीडीएफच चढवा. तेव्हाही काही जण स्वीकृत प्रत पाठवतात. नाव आणि परवाना देऊन छापील प्रत मोकळेपणाने वापरायचा हक्क असताना कच्ची का ठेवायची?

ज्यांचं संशोधन निधीवर चाललंय त्यांनी निधीदात्याची अटही पाहावी. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या जाणाऱ्या पेपरांसाठी प्रत उघडायला असलेली १२ महिन्यांची सवलत काढून टाकली. आता स्वीकृत हस्तलिखित पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहाला द्यायचं आणि प्रकाशनाच्या दिवशीच ते खुलं व्हायचं. प्लॅन एस या खुल्या प्रकाशनासाठीच्या योजनेतले बरेच निधीदातेही लेखकाला पेपर सादर करतानाच स्वीकृत प्रतीवर सीसी बाय लागू केल्याचं लिहायला सांगतात. या सगळ्या नियमांचं माप स्वीकृत प्रत हेच आहे, आणि नेमकी तीच सापडत नाही.

का सापडत नाही, ते मी वारंवार पाहिलंय. पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने संस्था बदलली, जुना मेल बंद झाला, सादर करण्याच्या पोर्टलवरून फाइल काढता येईना. मग सहलेखकांकडे उरतात फक्त ‘फायनल_३’ आणि ‘फायनल_खरी’ नावाच्या फाइली, आणि त्यांपैकी संपादकांनी पाहिलेली कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. एकदा एका पेपरसाठी आम्ही समीक्षकांना दिलेली उत्तरं काढून ओळ न् ओळ जुळवली आणि खरी प्रत शोधली. दोन दिवस गेले.

म्हणून स्वीकृतीचा मेल आला की त्याच दिवशी पोर्टलवरून शेवटची सादर केलेली फाइल उतरवून घ्या. बदलांच्या खुणा स्वीकारा, समासातले शेरे काढा, ओळींचे आकडे काढा. वेगळ्या पाठवलेल्या आकृत्या आणि तक्ते मजकुरात जागेवर बसवा. दुसऱ्याची आकृती वापरली असेल तर तिची परवानगी रिपॉझिटरीतल्या प्रतीलाही लागू आहे का ते तपासा, कारण परवानगी बऱ्याचदा फक्त जर्नलपुरती असते. प्रकाशकाचा लोगो कुठेही नको. पहिल्या पानावर लिहा: ‘स्वीकृत हस्तलिखित’, जर्नलचं नाव, स्वीकृतीची तारीख, आणि प्रकाशकाने सांगितलेलं वाक्य असेल तर ते शब्दशः. डीओआयची जागा मोकळी ठेवा, तो मिळाला की भरा. फाइलच्या नावात ‘स्वीकृत’ आणि तारीख घाला, आणि ती पीडीएफ सगळ्या सहलेखकांना पाठवून मगच प्रूफची वाट पाहा.