संबळाच्या काड्यांपासून संतूरच्या कलमांपर्यंत

चाळीसगाव तालुक्यातल्या एका गोंधळी घरातला संबळवादक आज मुलांना संतूर शिकवतो. खानदेशात या वाद्याची परंपरा नाही. वहीगायन या लोकगायनाला डफ, सातपुड्याच्या पाड्यांवर फुंकून वाजवायची पावरी, गोंधळाला संबळ-तुणतुणं, ही आपली वाद्यं. म्हणून हा प्रवास समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

संतूर हे काड्यांनी वाजवायचं तारांचं वाद्य, मूळचं काश्मीरचं. तिथे ते सूफियाना गायकीच्या साथीला वाजायचं. पंचवीस घोड्या, म्हणजे तारा टेकवायचे लाकडी आधार, प्रत्येकीवर चार तारा, म्हणजे शंभर तारा. इराणी संतूरला 72 तारा असतात. याच कुळातलं हंगेरीचं सिंबालोम, आणि अमेरिकेतलं हॅमर्ड डल्सिमर. डल्सिमरची एक घोडी तारेचे 2:3 असे भाग पाडते, त्यामुळे एकाच तारेवर एकीकडे सा आणि दुसरीकडे प मिळतो. हे वाद्य तिथे नाचगाण्यात वाजवणाऱ्या साध्या माणसांनी जगवलं. मिशिगनमधल्या वादकांनी 1963 मध्ये त्यासाठी आपला क्लबही काढला.

आपल्याकडे संतूरला मैफलीत आणलं ते जम्मूच्या शिवकुमार शर्मांनी. वडील उमादत्त शर्मा यांनी ते त्यांच्या हाती दिलं आणि 1955 मध्ये मुंबईत त्यांनी ते रसिकांपुढे वाजवलं. यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, हा जाणकारांचा मोठा आक्षेप होता. शर्मांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं आणि कलम, म्हणजे वाजवायची काडी, तारांवरून अलगद घासत नेऊन सलग स्वराचा भास उभा केला. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने संतूर घराघरांत गेलं. आमच्या या वादकाच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं रेडिओवरच.

हात तयार होता, पण तो संबळाचा. संबळ कमरेला बांधून, उभ्याने, चौकातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा वाजवायचा. तोच जोर संतूरवर लावला तर तार नुसती कर्कश झणझणते. अक्रोडाच्या लाकडाचं कलम बोटांत सैल ठेवायचं, तारेला टेकताच ते आपोआप उसळायला हवं. मनगटाची जुनी सवय मोडून नवी लावणं, माझ्या मते, राग शिकण्यापेक्षा अवघड. लयीची मात्र त्याला कधीच अडचण आली नाही. ती घरातूनच आलेली.

दुसरा त्रास आपल्या हवेचा. वैशाखात पारा चाळिशीपार गेला की लाकूड सुकतं आणि तारा उतरतात किंवा चढतात. त्यामुळे शिकवणी सुरू होते ती सूर जुळवण्यापासून. एका घोडीवरच्या सगळ्या तारा एकजीव होईपर्यंत किल्ली फिरवायची. ‘पहिले तार काय म्हनस ते आयक,’ असं तो मुलांना सांगतो. वाजवायला आधी देतो खानदेशची देवी कानबाईच्या गाण्याची चाल, कारण ती मुलांच्या कानात असतेच. यमन राग त्यानंतर. शास्त्रीय शिकलेल्या काहींना हा क्रम उलटा वाटतो, मला तो अगदी रास्त वाटतो.