देवमाशांची शिकार आणि दोन ‘निरीक्षक’

मराठीत पोलीस ठाण्यात बसतो तोही निरीक्षक आणि निवडणुकीला बाहेरच्या राज्यातून येतो तोही निरीक्षकच. देवमाशांच्या शिकारीच्या बातम्या वाचताना या एका शब्दाने घोटाळा होतो, कारण सगळं भांडण घरचा निरीक्षक की बाहेरचा, यावरूनच होतं.

देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या १९४६च्या आंतरराष्ट्रीय करारातला निरीक्षक घरचा. प्रत्येक कारखाना-जहाजावर, म्हणजे मारलेले देवमासे जिथे कापले जातात त्या मोठ्या जहाजावर, असे किमान दोघे. नेमणूक आणि पगार जहाज ज्या देशाचं त्याच सरकारचा. मोजमापाचे नियम मात्र फार काटेकोर. देवमासा डेकवर ओढून घेतला की दोर सोडायचा आणि न ताणणाऱ्या टेपने जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजायचं. टेप ताणता येत नव्हती. आकडा ताणायला कोण अडवणार?

सोव्हिएत ताफ्यांनी महायुद्धानंतरच्या पाव शतकात दक्षिण गोलार्धात हंपबॅक जातीचे २,७१० देवमासे मारल्याचं कळवलं. प्रत्यक्षात ४८,००० हून जास्त मारले होते. खरे आकडे १९९३नंतर तिथल्याच शास्त्रज्ञांनी बाहेर काढले. त्यांच्यातल्या एकाने मूळ नोंदी बटाटे साठवायच्या तळघरात दडवून ठेवल्या होत्या.

परक्या देशाचा माणूस जहाजावर बसवावा, ही सूचना नॉर्वेने १९५५मध्येच केली होती. पुढच्याच वर्षी करारात तशी दुरुस्तीही झाली. पण अंटार्क्टिकातल्या कोट्याच्या वाटणीवरून घोळ चालत राहिला आणि योजना सुरू व्हायला १९७२ उजाडलं. एव्हाना हंपबॅकचे कळप जवळजवळ संपले होते. या दिरंगाईला निव्वळ कागदी अडचण म्हणणं मला तरी पटत नाही. शिवाय सोव्हिएत जहाजांवर आले ते जपानी निरीक्षक आणि जपानी जहाजांवर सोव्हिएत. म्हणजे दोन शिकारी एकमेकांचे पहारेकरी.

१९८६मध्ये व्यापारी शिकारीला स्थगिती मिळाली आणि पहारा बाजारात आला. नव्वदीच्या दशकात संशोधकांनी जपानी दुकानांतून मांस विकत घेतलं. नमुने देशाबाहेर नेणं बेकायदा, म्हणून हॉटेलच्या खोलीतच यंत्र मांडून डीएनएच्या प्रती काढल्या आणि मांसाऐवजी त्याच बाहेर नेल्या. त्यांत हंपबॅक आणि फिन या मारायला बंदी असलेल्या जातीही निघाल्या. बाहेरचे निरीक्षक आणि मारलेल्या प्रत्येक देवमाशाच्या डीएनएची नोंदवही असलेल्या नव्या व्यवस्थेची बोलणी मात्र अडकली ती अडकलीच. जपान तर २०१९मध्ये करारातूनच बाहेर पडला. नॉर्वेच्या शिकारी बोटींवर पुढे निरीक्षकाच्या जागी आपोआप नोंद ठेवणारी सीलबंद पेटी आली. तीही नॉर्वे सरकारचीच.