ड्रिल बिट आणि ड्रायव्हर बिट

विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या हातयंत्रात बसवून भोक पाडण्यासाठी अथवा स्क्रू पिळण्यासाठी वापरायची, बदलता येणारी हत्यारे. यंत्र फक्त फेरे देते आणि सोय असेल तर ठोका देते. धातू कापणे, काँक्रीट फोडणे, स्क्रूचे डोके धरून ठेवणे ही कामे बिटाची. तरीही खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाची नजर वॅटच्या आकड्यावर असते आणि सोबत फुकट मिळालेल्या बिटांवर वर्षानुवर्षे भागवले जाते. भिंतीत ड्रिल ‘जात नाही’ अशी तक्रार असते तेव्हा यंत्र बहुधा ठीक असते; बिट बोथट झालेले असते किंवा त्या भिंतीसाठी ते नसतेच. निवडताना आधी भोक कशात पाडायचे ते पाहावे, मग यंत्राला कोणता दांडा बसतो ते, आणि माप सर्वांत शेवटी.

पूर्वपीठिका. सुताराचा सामता आणि गिरमिट ही या हत्यारांची जुनी रूपे. खंभातचे अकीक कारागीर कामट्याने फिरवायच्या सळईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कणिका बसवतात आणि पाणी टपकत ठेवून मणी विंधतात. आज व्हिट्रिफाइड टाइलसाठी मिळणारे हिऱ्याचे बिट त्याच तत्त्वावर चालते. सध्याचे पीळदार बिट मात्र अमेरिकेतले आहे. स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चपट्या टोकाच्या बिटांनी धातूचा कीस भोकातच दाबला जाई. मोर्सच्या पिळाने तो बाहेर येऊ लागला. विजेचे ड्रिल मेलबर्नमध्ये १८८९ साली पेटंट झाले, हातात धरता येईल असे ड्रिल जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका ही आजची ठेवण ब्लॅक अँड डेकरच्या १९१७ च्या पेटंटातून आली.

पीळदार बिटाची रचना. दांडा, दोन चर आणि टोक असे याचे तीन भाग. टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात आणि त्यांच्या मधोमध एक आखूड आडवी कड असते. ही मधली कड कापत नाही, नुसती रेटत राहते. त्यामुळे ८-१० मिमीचे भोक एकदम पाडण्याऐवजी आधी ३ मिमीचे पाडून घेतले की जोर निम्म्याने कमी लागल्यासारखा वाटतो. सर्वसाधारण बिटाचा टोकाचा कोन ११८ अंश असतो. १३५ अंशांच्या ‘स्प्लिट पॉइंट’ बिटात मधली कड घासून तोडलेली असते. ते पत्र्यावरून घसरत नाही आणि कडक पोलादात बरे चालते. ११८ अंशांच्या बिटासाठी मात्र सेंटर पंचाचा (खूण उमटवणाऱ्या अणकुचीदार पोलादी सळईचा) एक ठोका हवाच.

बिटाची तब्येत किसावरून कळते. दोन्ही चरांतून सारख्या जाडीच्या दोन कुरळ्या फिती निघत असतील तर धार बरोबर आहे. एकाच बाजूने फीत आणि दुसऱ्या बाजूने भुगा येत असेल तर एक कड लांब राहिलेली आहे. असे बिट मापापेक्षा मोठे भोक पाडते, मग आटे पाडायला घेतले की ते ढिले निघतात.

धातूसाठी. एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टील हे नेहमीचे द्रव्य. साध्या कार्बन पोलादाचे बिट दोन-अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडते. एचएसएस साडेपाचशेच्या आसपासही कडक राहते. स्टेनलेस स्टीलसाठी कोबाल्ट मिसळलेली बिटे घ्यावीत. एम ३५ या प्रतीत सुमारे ५ टक्के, एम ४२ मध्ये सुमारे ८ टक्के कोबाल्ट असतो. सोनेरी रंगाची ‘टायटॅनियम’ बिटे टायटॅनियमची नसतात. एचएसएसवर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा थर असतो, तोही पहिल्यांदा धार लावली की टोकावरून जातो. स्वस्त पेट्यांत तर नुसता सोनेरी रंग असतो आणि तो पहिल्या भोकातच उडतो.

बिट जळण्याचे मुख्य कारण वेग. मिनिटाचे फेरे काढण्यासाठी कापण्याच्या वेगाला (मीटर प्रतिमिनिट) १,००० ने गुणून ३.१४ गुणिले बिटाचा व्यास याने भागतात. माइल्ड स्टीलसाठी वेग २५ धरला तर ६ मिमीच्या बिटाला सुमारे १,३०० फेरे येतात, १२ मिमीला त्याच्या निम्मे. स्टेनलेससाठी १० धरला तर ६ मिमीला ५३० च्या आसपास. घरगुती ड्रिल बिनभाराने २,६०० ते ३,००० फेरे फिरते, म्हणजे खटका पूर्ण दाबून स्टेनलेसवर टेकवले की बिटाचा निकाल लागला. स्टेनलेसची आणखी एक खोड अशी की बिट कापण्याऐवजी घासत राहिले तर ती जागा घट्ट होत जाते, आणि मग नवे बिटही तिथे शिरत नाही. त्यामुळे फेरे कमी, दाब जास्त आणि तेल भरपूर. ॲल्युमिनियमला रॉकेल चालते, बिडाला काहीच लागत नाही.

आटे पाडायच्या भोकाचे माप काढायला बोल्टच्या व्यासातून आट्यांमधले अंतर वजा करतात : एम ६ म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५.

भिंतीसाठी. महाराष्ट्रात घरगुती ड्रिल सर्वांत जास्त चालते ते इथे, आणि सर्वांत जास्त चुकीचे बिट लागते तेही इथेच. मॅसनरी बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची चकती डाखलेली असते. ती दांड्यापेक्षा किंचित रुंद असते. झिजून दांड्याएवढी झाली की भोक आवळ पडते, रावळ प्लग (भिंतीत स्क्रूला पकड देणारी नळी) अर्ध्यात अडकतो आणि हातोडीने ठोकला की वाकतो. एचएसएसचे बिट विटेतही काही सेकंदांत बोथट होते. दोन्ही एकाच डब्यात ठेवणाऱ्यांच्या घरी हे हटकून घडते.

भिंत कशाची आहे ते बाहेर येणाऱ्या भुकटीवरून समजते. पहिले १२-१५ मिमी गिलाव्याची करडी भुकटी येते. पुढे लाल आली तर वीट; करडीच राहिली आणि ड्रिल हळू झाले तर आरसीसीचा म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा खांब किंवा तुळई; पांढुरकी, पिठासारखी, भराभर आली तर एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीट), ज्याला पुण्या-मुंबईकडे सर्रास ‘सिपोरेक्स’ म्हणतात. विटेत इम्पॅक्ट ड्रिल पुरते. एएसीत ठोका बंद ठेवावा. चालू ठेवला तर भोक मोठे आणि वेडेवाकडे होते आणि साधा प्लग त्यात फिरत राहतो. त्यासाठी रुंद पाकळ्यांचे वेगळे प्लग मिळतात. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत बिट सहज जाते, पण दगडात पोकळ्या असल्याने प्लग कधी घट्ट बसतो, कधी आतल्या आत गडप होतो. तिथे भोक सिमेंटने भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडणेच बरे. देशावरच्या जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीत शक्यतो दगडांमधल्या दरजेत भोक पाडावे. बेसॉल्टमध्ये घरगुती ड्रिलचे टोक पाहता पाहता जाते.

आरसीसीसाठी रोटरी हॅमर हवा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून मिनिटाला चाळीस हजारांवर बारीक ठोके देतात. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने दट्ट्या आदळतो. ठोके मिनिटाला चारेक हजारच, पण दोन किलोच्या यंत्रात प्रत्येक ठोक्याची ऊर्जा दोन-तीन जूल असते. कानाला पहिल्याचा आवाज जास्त, काम दुसऱ्याचे जास्त. या यंत्रांना एसडीएस दांडा (खाचा असलेला, नुसता खुपसून बसणारा) लागतो. तो बॉशने १९७५ च्या सुमारास रूढ केला. एसडीएस-प्लसचा दांडा १० मिमीचा, एसडीएस-मॅक्सचा १८ मिमीचा. एकाचे बिट दुसऱ्यात बसत नाही. बिट चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) थोडे पुढेमागे हलते तो दोष नाही, ठोका तसाच पोचतो. दांड्यावर ग्रीसचे बोट फिरवावे. एसडीएस यंत्राला साधा चक जोडायचा अडॅप्टर लाकूड-पत्र्यासाठी आहे. त्यावर ठोका लावू नये.

काँक्रीटमध्ये सळई लागली की दोन धारांच्या बिटाचा कार्बाइड उडतो. चार धारांचे बिट अशा वेळी बरेचदा तगते, तरी सळई कापत बसण्यापेक्षा भोक बाजूला घेणे केव्हाही चांगले; इमारतीच्या जिवाशी तो खेळ नको. जर्मन चाचणीची ‘पीजीएम’ खूण असलेल्या बिटांची मापे भरवशाची असतात. अँकर फास्टनरसाठी (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टसाठी) भोकाचे माप बोल्टवरून अंदाजाने धरू नये, पाकिटावर छापलेले असते तेच घ्यावे. भोक प्लगपेक्षा ५-१० मिमी खोल पाडून आतली भुकटी काढायची असते. पकड विटेत हवी, गिलाव्यात नव्हे. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल मारू नये, कारण वायरचे पाइप आणि नळ बहुधा त्याच रेषेत गेलेले असतात.

टाइल, ग्रॅनाइट, काच. सिरॅमिक टाइल भाल्याच्या टोकाच्या कार्बाइड बिटाने भोकता येते. व्हिट्रिफाइडला ते पुरत नाही. तिथे हिऱ्याचे पोकळ बिट लागते. ठोका बंद, फेरे मध्यम, पाणी सतत. सुरुवातीला बिट तिरपे टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची आणि मग हळूहळू सरळ करायचे, म्हणजे ते घसरत नाही. टाइल पार झाल्यावर मागच्या भिंतीसाठी मॅसनरी बिट लावायचे. घाईत हा बदल टाळून ठोक्यासकट आत घुसणारे बरेच मिस्त्री भेटतात. मग केसासारखी भेग जाते आणि ती लपवायला साबणदाणी थोडी सरकवून लावली जाते.

लाकडासाठी. मधे अणकुची आणि दोन बाजूंना धारा असलेले ब्रॅड-पॉइंट बिट स्वच्छ भोक पाडते, चपटे स्पेड बिट झटपट पण खरखरीत. प्लायवुडच्या कपाटांच्या ऑटो बिजागरीसाठी ३५ मिमीचे फोर्सनर पद्धतीचे (सपाट तळाचे भोक पाडणारे) बिट लागते. खोली १२-१३ मिमी, आणि १८ मिमीच्या प्लायमध्ये त्यापुढे गेले की टोक पलीकडे दिसू लागते. सागवानात पितळी स्क्रू थेट पिळू नये, मान तुटते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर, मग पितळी.

ड्रायव्हर बिट. यांचा षटकोनी दांडा पाव इंचाचा (६.३५ मिमी) असतो आणि तो जवळपास सगळ्या यंत्रांत चालतो. फिलिप्स म्हणजे पीएच हा आकार १९३६ मध्ये हेन्री फिलिप्सच्या पेटंटांतून आला आणि लगेच कॅडिलॅक मोटारींच्या जोडणीत शिरला. त्याच्या उतरत्या बाजूंमुळे जोर वाढला की बिट वर निसटते. १९६० च्या दशकात आलेल्या पोझिड्राइव्ह म्हणजे पीझेडमध्ये बाजू जवळजवळ उभ्या आहेत, म्हणून ते कमी निसटते. ओळख सोपी : पीझेड स्क्रूच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा असतात. पीझेड स्क्रूत पीएच बिट बसते, फिरतेही, आणि डोके खराब करते. जपानी दुचाक्यांवर डोक्याला बारीक ठिपका असलेला स्क्रू दिसला तर तो जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा. त्यालाही पीएच नीट बसत नाही. सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ चा. तो निसटतच नाही म्हटले तरी चालेल. पण दुकानात ‘स्टार’ मागितला की हातात पीएच पडते, म्हणून टॉर्क्स आकड्यासह, ‘टी २०’ असाच मागावा.

घरात नव्वद टक्के काम पीएच २ वर होते असे धरायला हरकत नाही. त्याची पाच-सहा चांगली बिटे आणि एक चुंबकी होल्डर इतके पुरे. पाती गोल झालेले बिट टाकून द्यावे. ते जितके दिवस वापरात राहील तितके स्क्रू नासवेल. इम्पॅक्ट ड्रायव्हरला (ठोके देत स्क्रू पिळणाऱ्या यंत्राला) साधी बिटे लावली तर ती तडकतात. त्याच्यासाठीच्या बिटांची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते, ठोक्याला ती थोडी पिळली जाते आणि टोक वाचते.

पावसाळ्याआधी गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना षटकोनी डोक्याचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरतात. त्यांना ८ मिमीचा नट-सेटर (षटकोनी डोके धरणारा जोड) लागतो. यंत्राचा क्लच (ठरावीक जोरानंतर पीळ थांबवणारी कडी) खालच्या आकड्यावर ठेवून सुरू करावे. डोक्याखालचा रबरी वॉशर किंचित फुगला की थांबायचे. तो चुरगळून बाहेर आला की पहिल्याच जोरदार सरीत तिथून गळती.

इतर जोड. होल सॉ (मोठे भोक कापणारी गोल करवत), काउंटरसिंक (स्क्रूच्या डोक्यासाठी खळगा पाडणारे बिट), तारेचा ब्रश, रंग घोटायची काठी या सगळ्या ड्रिलला लागतात. चिमणीच्या किंवा एसीच्या पाइपसाठी भिंतीत मोठे गोल भोक पाडायला मात्र हिऱ्याचा कोअर बिट आणि त्याचे वेगळे यंत्र बोलवावे. ते तुळईत किंवा खांबात पाडायचे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. बाजूची मूठ बरेच जण काढून ठेवतात. १० मिमीच्या पुढचे बिट अडकले की मनगटाला झटका बसतो तो याचमुळे. चष्मा हवा, कापडी हातमोजे नकोत, ते बिटात गुंडाळले जातात.

खरेदी आणि धार. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे बिटे सुटी, मापानुसार मिळतात. शंभर नगांच्या पेटीपेक्षा हे बरे, कारण पेटीतली निम्मी मापे कधी लागत नाहीत आणि लागतात ती दोन महिन्यांत झिजतात. घरासाठी एचएसएसमध्ये २.५ ते ६ मिमी आणि मॅसनरीत ६, ८, १० मिमी पुरतात. दांड्यावर माप आणि ‘एचएसएस’ कोरलेले आहे का ते पाहावे, आणि दुकानातल्या काचेवर बिट लोळवून बघावे. वाकडे असेल तर टोक उडताना दिसते.

एचएसएसला ग्राइंडरवर धार लावता येते. दोन्ही कडा सारख्या लांबीच्या आणि मध्यरेषेपासून ५९ अंशांवर हव्यात, शिवाय कडेच्या मागची बाजू थोडी उतरती घासलेली हवी. ती तशी नसेल तर बिट चकचकीत दिसते पण कापत नाही. कार्बाइडला नेहमीचा करडा दगड चालत नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा लागतो, आणि तापलेले टोक पाण्यात बुडवले तर त्याला तडा जातो. ६-८ मिमीच्या मॅसनरी बिटाला एवढे करण्यात राम नाही, नवे आणणेच स्वस्त पडते.